तळ्यासाठी बी आणायला कलकत्त्याला

कलकत्त्याहून आल्यापासून गावात आणि कॉलेजात मला एकच प्रश्न विचारतात : कलकत्ता किती लांब आहे? सुरुवातीला मी भूगोलाच्या पुस्तकासारखं उत्तर द्यायचो. हैदराबादहून रेल्वेनं सोळाशे किलोमीटरच्या आसपास, हवेतून बाराशे. मग लक्षात आलं, विचारणाऱ्याला किलोमीटर नको असतात. किती वेळ लागतो, एवढंच त्याला हवं असतं. आणि तिथं माझी पंचाईत होते. जाताना मला दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस लागला. येताना दोन तास. गाव तेच, मीही तोच. मग यातलं खरं अंतर कोणतं सांगायचं?

वार्षिकांकासाठी सर म्हणाले, "तू विमानात बसून आलास, लिही." लिहितो. पण आधीच सांगतो, मी विमानात बसलो ते माझ्या कर्तबगारीनं नाही. माझ्याबरोबरच्यांना लवकर घरी पोचायचं होतं, म्हणून बसलो.

आमचं गाव अणदूरपासून आत, डांबरी सोडून बैलगाडीच्या वाटेनं जावं लागतं असं. दुष्काळात सरकारी कामावर गावानं तिथं एक तळं बांधलं. माझी आई त्या बांधावर खडी फोडायला होती. शाळा सुटली की मी तिची भाकरी घेऊन जायचो. तेव्हा तिथं थेंबभर पाणी नव्हतं, तरी सगळे त्या कोरड्या खड्ड्याला 'तळं' म्हणायचे आणि मला हसू यायचं. पुढं पाऊस झाला आणि खरोखरच तळं झालं. मग भोई समाजाच्या घरांनी मच्छीमार सहकारी संस्था काढली. आमच्या बौद्ध वस्तीतल्या ज्या घरांनी तळं खोदलं पण ज्यांना जमीन नाही, त्यांनाही सभासद करून घेतलं. माझे वडील त्यातले एक. संस्थेचे चेअरमन नागनाथ तात्या भोई. वय साठीच्या आसपास, अंगठा लावणारे, पण पाण्याकडं बघून त्यात काय आहे ते सांगणारे.

तळ्यात चार खेकडे आणि थोडी मरळ सोडली तर काही नव्हतं. रोहू, कटला यांचं बी आणून सोडायला हवं होतं. बी म्हणजे माशांची नुकती अंड्यातून निघालेली पिलं. ती मिळतात कलकत्त्याकडं, आणि मिळतात फक्त पावसाळ्यात. संस्थेला तळं मिळालं होतं ते या अटीवर, की याच पावसाळ्यात बी सोडायचं. नाही सोडलं तर लिलाव. बाहेरगावचा एक ठेकेदार दोनदा येऊन बांधावर उभा राहून तळं न्याहाळून गेलाही होता.

अडचण वेळेची होती. पिलांना पाण्याच्या पिशवीत घालून वर ऑक्सिजन भरतात. त्यावर ती एक दिवस आणि एक रात्र काढतात. रेल्वेत तेवढ्यात वाट पुरी होत नाही. म्हणून बी विमानानं हैदराबादला उतरवायचं, आणि तिथून टेम्पोनं हमरस्त्यानं गावाला. सोबत एक माणूस हवा, असं मत्स्यखात्याच्या साहेबांनी सांगितलं. एकच माणूस, एकच तिकीट. तात्यांनी विमानानं यायचं आणि दुभाष्या म्हणून मी बरोबर जायचं पण रेल्वेनं परतायचं, असं बैठकीत ठरलं. मला हिंदी येत होतं आणि इंग्रजी, म्हणजे, पुस्तकातलं.

निघताना संस्थेनं तात्यांना नवं धोतर दिलं. पातळ, पांढरंशुभ्र, विमानात नेसायचं म्हणून. गणपा नावाचा आमचा एक सभासद आहे, त्याला बोलल्याशिवाय चैन पडत नाही. तो म्हणाला, "तात्या, वर गेल्यावर खाली थुंकू नगा. आमी खालीच असताव."

"तुज्या डोस्क्यावर नेम धरूनच थुंकतो बघ," तात्या म्हणाले.

सिकंदराबाद ते हावडा

रेल्वेचा कंटाळा सांगत बसत नाही. एकच गोष्ट सांगतो. तात्यांच्या पिशवीत सरबताची एक काचेची बाटली होती, काठोकाठ पाण्यानं भरलेली, तोंडाला बूच. दुपारी मला तहान लागली.

"तात्या, ते पाणी द्या की घोटभर."

"स्टेशनावर पी. हे न्हाय."

"का? कशाचं आहे?"

"आपल्या तळ्याचं हाय. लांबच्या गावाला पाणी बाधतं."

मला वाटलं, परमुलखात आजारी पडू नये म्हणून स्वतःसाठी आणलं असेल. माझी आईसुद्धा मामाच्या गावाला गेलं की पहिले दोन दिवस पाणी उकळून देते. पण तात्या स्वतः प्रत्येक स्टेशनावर उतरून नळाचंच पाणी पीत होते. बाटलीला त्यांनी हात लावला नाही. म्हाताऱ्या माणसाची एक सवय, असं समजून मी सोडून दिलं.

उन्हं कलली तसं खिडकीतून पाणी दिसायला लागलं, आणि मग ते संपेचना. भाताची खाचरं, त्यांच्यात आभाळ पडलेलं. प्रत्येक घरामागं एक डबकं, डबक्याला पायऱ्या. बायका घरची भांडी त्यात घासत होत्या, म्हशी त्यातच, पोरं त्यातच. तात्यांनी गजांना तोंड लावलं ते संध्याकाळपर्यंत काढलं नाही. त्या दुष्काळात आमच्या गावी टँकर यायचा तेव्हा घागरींच्या रांगेत भांडणं लागू नयेत म्हणून तात्या काठी घेऊन उभे राहायचे. तोच माणूस आता हळूच म्हणाला, "सिद्धार्था, ह्यांच्यात पाण्यावरनं भांडत असतील का रं?"

"भांडत असतील. जास्त झालं म्हणून."

तात्यांना ते पटलं नाही. पाणी जास्त होतं, हे त्यांच्या मनात शिरतच नव्हतं.

पाण्यातलं गाव

बी देणारे मंडलबाबू हावड्याच्या पलीकडच्या एका खेड्यात राहत होते. पन्नाशीचा, उघडा, कमरेला लुंगी आणि खांद्यावर लाल चौकडीचं पातळ फडकं असलेला माणूस. त्यांनी आम्हांला आधी जेवायलाच बसवलं. भात, मोहरीचा वास येणारं माशाचं कालवण. त्यांच्या आईनं माशाचं डोकं उचलून तात्यांच्या ताटात वाढलं. मला वाटलं, तात्यांचा अपमान झाला. सगळे तुकडे सोडून डोकं दिलं. पण तात्यांचा चेहरा उजळला. "आमच्यात बी डोस्कं पाव्हण्यालाच देतेत," ते मला म्हणाले, आणि म्हातारीला त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. एकमेकांची एक अक्षरही भाषा न कळणाऱ्या त्या दोघांचं तिथंच जमलं. माझ्या घशात मात्र बारीक काटा अडकला. तो भाताचे गोळे गिळून खाली घालवावा लागला आणि सगळं घर माझ्याकडं बघून हसलं.

आम्ही नेलेली ज्वारीची भाकरी तोवर वाळून खडखडीत झाली होती. मंडलबाबूंनी ती शेंगाच्या चटणीबरोबर बिस्किटासारखी मोडून खाल्ली आणि विचारलं, "ये कौन पेड़ का है?" ज्वारी झाडाला लागत नाही, हे मी त्यांना बराच वेळ समजावत होतो.

मग त्यांनी बी दाखवलं. पाण्यात बांधलेल्या कापडी हौदात आपलं ते लाल फडकं बुडवलं, चार कोपरे धरून हळू वर उचललं, आणि उरलेलं ओंजळभर पाणी एका पांढऱ्या ताटलीत सोडलं. मी वाकून बघितलं. पाणीच होतं. मग ते पाणी हललं. नीट बघितल्यावर दिसलं, की त्यात नुसते डोळे आहेत. दोन दोन काळे ठिपके, मागं केसाएवढी पारदर्शक शेपटी. हजारो डोळे, आणि सगळे कुठंतरी निघालेले. शास्त्र शाखेचा विद्यार्थी म्हणून मी सूक्ष्मदर्शकातून बरंच काही बघितलं आहे, पण असा अंगावर काटा कधी आला नव्हता. यांच्यातलं एक एक, जगलं तर, माझ्या हाताएवढं होणार होतं.

"हेंच्यासाठी आलोय व्हय आपण?" तात्या कुजबुजले. मोठ्यानं बोललं तर ती दचकतील असं त्यांना वाटलं असावं.

मंडलबाबूंनी सूचना दिल्या त्या मी शब्द न् शब्द तात्यांना सांगितल्या. पिलांना कालपासून उपाशी ठेवलंय, प्रवासात पोट रिकामंच हवं, नाहीतर पाणी घाण होतं. डबे उन्हात ठेवायचे नाहीत. पिशवीची गाठ तळ्यावर पोचेपर्यंत सोडायची नाही. पोचल्यावरही लगेच ओतायचं नाही; पिशवी तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मग. "एक दिन, एक रात," त्यांनी बोट वर केलं. "उसके बाद भगवान भी नहीं."

तिकिटाची खिडकी

कलकत्त्याच्या विमान कचेरीत तिकीट काढायला गेलो तेव्हा तात्यांनी मला खिडकीवर विचारायला लावलं, "डबे माझ्याजवळच असत्याल ना?"

खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, की डबे सामानाबरोबर खाली विमानाच्या पोटात राहतील. उतरल्यावर मालाच्या कचेरीत जाऊन सही करून ताब्यात घ्यायचे.

बाकावर बसून त्यांनी पिशवीतलं नवं धोतर चाचपलं. मग म्हणाले, "मंग म्या वर बसून काय करू? हात लावता येत न्हाय, बघता येत न्हाय. आन उतरल्यावर तिथं इंग्रजीत बोलावं लागंल. तू जा."

"नाही तात्या. बैठकीत तुमचं नाव ठरलंय. लोक काय म्हणतील? पोरानं म्हाताऱ्याला रेल्वेत घातलं आणि स्वतः विमानात बसला."

"लोकाचं म्या बघतो."

"तुम्ही भ्यालात का?"

"भ्यालो न्हाय. गणपाला तसंच सांग, भ्याला न्हाय म्हणून." मग ते म्हणाले, "तळं जिवंत व्हायला पायजे. कोण बसलं हेला काय महत्त्व हाय?"

अशा रीतीनं तिकिटावर माझं नाव पडलं. तात्यांनी किती वर्षं आकाशातून जाणारी विमानं मान वर करून बघितली असतील, ते मला माहीत आहे. हैदराबादकडं जाणारं विमान दिसलं की ते जाळं सोडून उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिलं भरली. सहा पत्र्याचे डबे, प्रत्येकात एक पिशवी, फुगून टणक झालेली. आम्ही चहा घेत होतो तेव्हा तात्या म्हणाले, "म्या बसतो डब्यापाशी," आणि ते एकटेच तिथं बसून राहिले.

वर

दमदमच्या विमानतळावर पाऊस कोसळत होता आणि विमान सुटायला उशीर झाला. प्रत्येक तास गेला की मला पिशवीतली हवा कमी होताना दिसायची. तात्यांना दाराच्या आत येऊ दिलं नाही. काचेच्या पलीकडं ते भिजत उभे होते. मी वळून बघितलं तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून दाखवली. जपून ने, असा अर्थ.

माझ्या शेजारी एक वयस्क बाई होत्या. विमान धावायला लागलं तेव्हा मी "आई गं" म्हणालो असणार, कारण त्या एकदम मराठीत म्हणाल्या, "कुठले तुम्ही?"

"उस्मानाबाद जिल्हा."

"अहो, मी हैदराबादची. जन्म तिथलाच, पण घरी मराठीच. या, खिडकीशी बसा. मला काय, नेहमीचंच आहे."

विमानातल्या मुलीनं ताटलीत गोळ्या पुढं केल्या. किती घ्यायच्या असतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी एकच घेतली. मग जेवणाचा ट्रे आला. त्याचे वेगळे पैसे पडतील या भीतीनं मी "नको, पोट भरलंय" म्हणालो. शेजारच्या बाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "तिकिटातच असतं ते. घ्या." मी घेतलं. खाली पोटात बसलेल्यांना उपाशी आणलंय ही आठवण झाली आणि पहिला घास जरा फिरला. पण दुसरा गेला.

"एकटेच आहात?" त्यांनी विचारलं.

"नाही. बरोबर... खाली मासे आहेत. आमच्या तळ्यासाठी."

"मासे? किती?"

"मोजत नाहीत. वाटीनं मापतात. काही लाख असतील म्हणे."

"अगं बाई! मग वरातच घेऊन निघालात की!"

तोवर खिडकीत नुसतं राखाडी होतं. ढगात शिरलो होतो. विमान थरथरत होतं आणि मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती. आणि मग, सांगता येणार नाही असं काहीतरी झालं. राखाडी पांढरं झालं, पांढरं फाटलं, आणि आम्ही बाहेर आलो. वर निळं. खाली ढग. एवढा उजेड मी कधी बघितला नव्हता. खाली दमदमला पाऊस धो धो पडत होता, तात्या त्यात भिजत उभे असणार, आणि त्याच पावसाच्या वरच्या बाजूला कोरडं ठणठणीत ऊन होतं.

दुष्काळात आम्ही ढग फार बघितले. आई खडी फोडता फोडता हातोडी खाली ठेवून वर बघायची. काळे ढग यायचे आणि तसेच निघून जायचे. त्यांची पोटंच तेवढी आम्हांला माहीत होती. आज मी त्यांची पाठ बघत होतो. वरून एकही ढग काळा नव्हता. कापसाच्या ढिगासारखे, डोंगरासारखे, क्षितिजापर्यंत पसरलेले, पांढरे आणि कुणाचंच काही देणं न लागणारे. मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते का आलं, हे मला अजून सांगता येत नाही. आईला आणून इथं बसवावं, एवढंच मनात आलं.

पुढं ढग विरळ झाले. खाली जंगल, आणि जंगलातून जाणारी एक रुंद, तांबूस, वळणावळणाची नदी.

"ती गोदावरी," बाई म्हणाल्या.

"आमच्या पैठणची?"

"तीच. तुमच्याकडून निघून इथवर आलीय बिचारी."

त्या मग म्हणाल्या, "आता तळी दिसतील बघा," आणि दिसायला लागली. शेकडो. प्रत्येक गावाला एक, उतरत्या उन्हात लकाकणारी. मी प्रत्येकाकडं बघून मनात म्हणायचो, हे आमचं असतं तर एवढंच दिसलं असतं. ज्याच्या बांधासाठी आईच्या तळहाताची सालं गेली, ते वरून एका टिकलीएवढं. पण टिकली दिसत होती. एवढ्या उंचावरूनही पाणी कुठं आहे ते कळत होतं, आणि जिथं पाणी होतं तिथंच हिरवं होतं.

उतरल्यावर कमरेचा पट्टा मला सुटेना. तो बाईंनीच सोडून दिला. घड्याळ बघितलं : दोन तास झाले होते. जाताना या एवढ्या वाटेत आम्ही किती स्टेशनांवर चहा प्यालो होतो!

बेगमपेठ

बेगमपेठ विमानतळावरच्या मालाच्या कचेरीत पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि साहेब कपाटाला कुलूप लावत होते. "उद्या सकाळी," ते इंग्रजीत म्हणाले. मी विमानात पाठ केलेली सगळी वाक्यं विसरलो. तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "सर, दे आर अलाइव्ह."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कुलूप काढलं.

डबे एक एक करून बाहेर आले. पाच पिशव्या टणक. सहावी मऊ, सुरकुतलेली. तळाशी पांढरट थर बसला होता, मेलेल्यांचा. वरची पिलं पाण्याच्या तोंडाशी येऊन कशीबशी हलत होती. गाठ बघितली आणि मी तिथंच उकिडवा बसलो. बाकीच्या पाच पिशव्या मंडलबाबूंच्या रबरी पट्टीनं बांधलेल्या होत्या. सहावी काळ्या दोऱ्यानं. तो करदोड्याचा दोरा होता. कमरेचा करदोडा तोडून बांधलेली गाठ. आमच्या गावचा करदोडा मी ओळखणार नाही असं होणार नाही.

सकाळी तात्या डब्यांपाशी एकटे बसले होते. ती सरबताची बाटली. 'लांबच्या गावाला पाणी बाधतं.' आता मला कळलं, ते पाणी कुणासाठी होतं.

टेम्पो घेऊन आलेले उमरग्याचे महेबूबभाई शेजारी उभे होते. "क्या हुआ रे बाबा? रोता काय कू?"

मी सांगितलं, यातली हवा गेली. यात ऑक्सिजन भरायला हवा, आता लगेच.

"बस इत्ताच?" महेबूबभाई म्हणाले. "चल."

दोन गल्ल्या सोडून गॅस वेल्डिंगचं एक दुकान होतं. दुकानाच्या मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. "मियाँ, मैं ट्रक जोडा, ट्रॅक्टर जोडा, खाट जोडा. मछली पहली बार आरी मेरे पास." पण त्यानं नळी पुसली आणि सिलिंडरचा कान पिळून हळूहळू वेल्डिंगचाच ऑक्सिजन आत सोडला. पिशवी फुगली. मी ती रबरानं बांधली आणि काळा दोरा खिशात ठेवला. मालकानं काहीच घेतलं नाही. "बडे हुए तो एक भेज देना," एवढंच म्हणाला.

तळ्यावर

आम्ही पोचलो तेव्हा फटफटलं होतं. संस्थेच्या लोकांनी उन्हाळ्यात तळ्याशेजारी एक लहान डबरं खोदून, शेण घालून, पाणी भरून तयार ठेवलं होतं. पिलांनी महिना-दीड महिना तिथं वाढायचं आणि मग मोठ्या तळ्यात जायचं. सगळं गाव काठावर जमलं होतं. पहिला प्रश्न आलाच.

"तात्या कुठंयत?"

मी सांगितलं. गणपा म्हणाला, "म्हंजी भ्यालं म्हातारं."

"भ्याले नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "मुद्दाम तुला सांगायला सांगितलंय."

पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. लोकांना धीर धरवेना. "सोड की रं आता, आत गुदमरतील," म्हणून चारी बाजूंनी ओरडा. मी उष्णतामान, आतलं पाणी, बाहेरचं पाणी असं काहीतरी समजावत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात तात्यांची आई, सोनाई आजी, काठी टेकत पुढं आली. तिच्या हातात गूळ होता.

"गप ऱ्हावा की," ती म्हणाली. "लांबून आलेल्या माणसाला कुणी उंबऱ्यातनं उचलून ताटावर बसवतंय व्हय? टेकू द्या जरा. हात-पाय धू द्या."

तिनं गुळाचा खडा पाण्यात सोडला, पाव्हण्यांना गूळ-पाणी. मी ते थांबवलं नाही. एवढ्याशा गुळानं काय होणार होतं?

मग मी पाण्यात उतरून एक एक गाठ सोडली आणि पिशव्या तिरप्या केल्या. सहाव्या पिशवीतलं मी शेवटी सोडलं. सगळे वाकून बघत होते. काहीच दिसलं नाही. पाणी जसं होतं तसंच.

"कलकत्त्याचं पाणी आणलं व्हय रं ह्यानं?" गणपा म्हणाला. लोक हसले, पण ते हसणं लवकर संपलं. सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न होता.

पुढचे दिवस असेच गेले. शेणानं गढूळलेल्या पाण्यात काही दिसायचं नाही. माणसं कामावर जाता-येता डबऱ्याशी थांबायची, वाकायची, माझ्याकडं बघायची आणि निघून जायची. वडील काही विचारत नव्हते, ते जास्त टोचायचं. बांधावर मोटारसायकलची खूण दिसली. ठेकेदार पुन्हा येऊन गेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तात्या आले. अणदूरच्या फाट्यावर एसटीतून उतरून ते घरी न जाता थेट डबऱ्यावर आले होते. कुणीतरी मला हाक मारायला आलं. मी धावत गेलो. ते काठावर पिशवी खाली ठेवून बसले होते. अजून तिघं-चौघं होते, गणपाही.

मी खिशातला काळा दोरा काढून त्यांच्या हातावर ठेवला. कुणाला कळणार नाही अशा बेतानं. तात्यांनी तो बघितला. मूठ मिटली.

"किती गेली?" त्यांनी विचारलं.

"त्या पिशवीतली निम्मी असतील."

तात्यांनी सगळ्यांसमोर मूठ उघडली. "गणपा, ऐक. एका पिशवीची गाठ म्या सोडली. आपल्या तळ्याचं पाणी घातलं आत. हेनं सांगितलं हुतं, सोडू नगा म्हणून. तरी सोडली. लेकरू परगावी न्यायचं तर तिथलं पाणी दोन घोट आधी पाजावं, मंग बाधत न्हाय, असं वाटलं. त्यात मेली ती माज्यामुळं."

गणपा काही बोलला नाही. तो बोलला नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

तात्यांनी पिशवीतून नवं धोतर काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. एक पदर मोकळा केला आणि माझ्याकडं दोन कोपरे दिले. "धर. मंडलबाबू धरत हुता तसं."

आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो. कापड बुडवलं, थोडं पुढं सरकवलं आणि चार कोपरे धरून हळू वर उचललं. गढूळ पाणी गळत गेलं. मध्ये ओंजळभर राहिलं. पांढऱ्या धोतरावर त्या ओंजळभर पाण्यात काळे ठिपके धावत होते. दोन दोन, दोन दोन. तीन दिवसांत थोडे लांब झालेले, शेपट्या आता दिसण्याजोग्या. गणपा वाकला. "आयला," म्हणाला, "बघतेत की आपल्याकडं!"

तात्यांनी कापड पुन्हा पाण्यात सोडलं. ती गेली. मग त्यांनी मला विचारलं, "किती वेळ लागला रं ह्यांना? विमानात."

"दोन तास."

"आन म्या दोन राती." ते पहिल्यांदाच हसले. "पोचलो सगळेच."

पिशवीत हात घालून त्यांनी सरबताची बाटली काढली. तिच्यात अजून निम्मं पाणी होतं. आमच्या तळ्यातून निघून सिकंदराबाद, हावडा, ते पाण्यातलं गाव, आणि तिथून परत रेल्वेनं इथवर आलेलं. तात्या बांधावर चढले, पलीकडं मोठ्या तळ्याच्या काठाशी गेले, बूच काढलं आणि ते पाणी माझ्या आईनं फोडलेल्या खडीवरून तळ्यात सोडून दिलं.